‘नाही’ म्हणताय? मग लिहून द्या!

सीआयडी म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? हवेत बोटं फिरवणारा एसीपी प्रद्युम्न आणि दिसेल ते दार तोडणारा दया. लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र सीआयडी म्हणजे ‘कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज’. मराठीत सांगायचं तर, ‘वाट तुम्हीच लावलीत, आता पैसेही तुम्हीच भरा’. टीव्हीवरच्या सीआयडीत निदान तासभर तपास तरी चालायचा. इथे डायरेक्ट निकाल. आणि गुन्हेगार दर वेळी एकच, गिऱ्हाईक!

आमच्या घरी हा निकाल लागला २०२५ च्या जुलैमध्ये. आरोपी, माझा धाकटा भाऊ. संगमनेरला कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुद्देमाल, ५८,९९० रुपयांचा लॅपटॉप. तो मी ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला ऑनलाइन घेऊन दिला होता, नो कॉस्ट ईएमआयवर, बारा हप्त्यांत. (पुण्यात खराडीला नोकरी करणाऱ्या मोठ्या बहिणीला नगरच्या घरात एटीएमचा दर्जा असतो, हे काही वेगळं सांगायला नको.) अकरा हप्ते गेले, बारावा बाकी होता आणि साहेबांनी मान टाकली. पॉवरचा दिवा लागायचा, पंखा दोन सेकंद फिरायचा, स्क्रीन काळी ठिक्कर. एक वर्षाच्या वॉरंटीचे अजून पाच आठवडे शिल्लक होते. म्हटलं, चला, टेन्शन नाही.

त्या ब्रँडचं अख्ख्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर एकच, ते नगरला. आता आमचा जिल्हा म्हणजे क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. संगमनेरहून लोणी, कोल्हार, राहुरी करत एसटीने यायचं म्हणजे अर्धा दिवस त्यातच गेला. धाकटा सॅक मांडीवर घेऊन आला, लॅपटॉप जमा केला, जॉबशीट घेतली. काउंटरवरच्या मुलाने त्याच्यासमोर लॅपटॉप उलटा-पालटा करून पाहिला आणि शीटवर टिका केल्या. फिजिकल कंडिशन, ओके. लिक्विड, नो. ही टिक लक्षात ठेवा.

नवव्या दिवशी मला फोन. बिल माझ्या नावावर, म्हणून फोनही मला. ‘मॅडम, तुमच्या केसमध्ये सीआयडी आलंय. लिक्विड डॅमेज. वॉरंटी रिजेक्ट झालीय. मदरबोर्ड बदलायला ३४,२०० प्लस जीएसटी. करू का प्रोसीड?’

जाम हसू आलं मला आधी. अहो, आमच्या नगरला पाणी! पर्जन्यछायेतला जिल्हा. आमच्या सावेडीतल्या नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. अकोले तालुक्यात पार घाटघरला वगैरे राहत असतो तर एक वेळ पटलं असतं, तिथे पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो. पण संगमनेरच्या हॉस्टेलच्या खोलीत, टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पोटात पाणी गेलं कुठून?

घरी मात्र कोणी हसलं नाही. आईने पहिला प्रश्न कंपनीला नाही, लेकाला विचारला. ‘खरं सांग, चहा सांडलास ना?’

धाकट्याचा जुना रेकॉर्ड खराब होता, हे मान्य करायला हवं. दहावीत असताना आईचा मोबाइल पाण्याच्या टाकीत पडला होता, तो याच्याच हातून. तेव्हापासून घरात काहीही फुटलं, हरवलं, बंद पडलं की संशयाची सुई आपोआप त्याच्याकडे. तो म्हणाला, ‘आई, नाही सांडला.’ तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो काहीच बोलला नाही. ताटातली पोळी मोडत बसला. मी व्हिडिओ कॉलवर होते, मला त्याचं फक्त डोकं दिसत होतं. चौतीस हजारांचा आकडा ऐकून जे झालं नव्हतं, ते मला तेव्हा झालं. कुठल्याशा ऑफिसात बसलेल्या, आपल्याला कधी न भेटलेल्या माणसाने एक शब्द टाइप केला, ‘लिक्विड’, आणि आमच्या घरातला एक मुलगा खोटारडा ठरला. त्या शब्दाला पुरावा कुणी मागितला नव्हता. पुरावा मागितला जात होता तो धाकट्याकडे, आणि तोही कसला? न सांडलेल्या चहाचा.

पप्पांचं मत पहिल्या दिवशी कंपनीच्या बाजूने पडलं. ‘एवढी मोठी कंपनी, उगाच रिजेक्ट कशाला करेल?’ पप्पांचं एकूणच कंपनी या गोष्टीवर प्रेम. नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये काढलेली. हातात मायक्रोमीटर, खिशात लाल पेन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला.

‘रिजेक्शनचा कागद कुठंय?’

म्हटलं, ‘पप्पा, त्यांनी फोनवर सांगितलं.’

‘फोनवर? म्हणजे टॅग नाही?’ ते खरोखर चक्रावले होते. ‘अगं, आमच्याकडे साधा बोल्ट रिजेक्ट झाला तरी त्याला लाल टॅग लागायचा. पार्ट नंबर काय, काय चुकलं, कशाने मोजलं, कुणी मोजलं, तारीख, सही. सही नसली ना, तर सप्लायर माल परत न्यायचाच नाही. आणि बरोबर होतं त्याचं.’

बस्स! हा फंडा मला गुगलने दिला असता की नाही, माहीत नाही. नागापूर एमआयडीसीने दिला.

शनिवारी मी स्वतः नगरला सेंटरवर गेले. एसी फुल्ल, भिंतीवर चकाचक पोस्टर, हसणारं मॉडेल कुटुंब. म्हटलं, वॉरंटी नाकारताय ना, मग तेवढं लिहून द्या. काउंटरवरचा मुलगा गोंधळला. ‘मॅडम, तसं लेखी द्यायची सिस्टिम नाही.’ आता बघा, लॅपटॉप जमा केल्यापासून माझ्या मोबाइलवर त्यांचे पाच मेसेज आले होते, आमच्या सेवेला रेटिंग द्या म्हणून. त्याची सिस्टिम आहे. एका ओळीच्या नकाराची नाही! मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. आवाज चढवला नाही. पाऊण तासाने गर्दी ओसरल्यावर तो मुलगाच जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘ताई, माझ्या हातात काय नाय. मी नुसते फोटो काढून वर पाठवतो, डिसिजन वरून येतो. तुम्ही मेल टाका. मेलला त्यांना उत्तर द्यावंच लागतं.’ मॅडमची ताई झाले होते! त्या मुलावर राग काढण्यात काही पॉइंट नाही, हे तेव्हाच कळलं. त्याचा पगार माझ्या सँडलपेक्षा फार जास्त नसावा, आणि दिवसभर शिव्या मात्र तोच खातो.

मेल टाकला. चारच गोष्टी विचारल्या. नेमका कोणता भाग भिजला, त्याचा बोर्डाच्या सिरीयल नंबरसह फोटो, वॉरंटीतल्या कोणत्या अटीखाली नाकारताय, आणि तपासणी कोणी, कधी केली. म्हणजे पप्पांचा लाल टॅगच, फक्त इंग्रजीत.

चार दिवसांनी उत्तर आलं. एक फोटो जोडलेला, नखाएवढी गोल पट्टी, लालभडक. सिरीयल नंबर? नाही. आजूबाजूचा बोर्ड? नाही. हा फोटो माझ्या लॅपटॉपचा होता की कंपनीच्या डायरेक्टरच्या, देव जाणे. तसं कळवलं. तर दुसरं उत्तर, की लिक्विड असेल किंवा ‘वातावरणामुळे आलेला गंज’ असेल. वातावरण! म्हणजे आता आरोपी धाकटा नाही, संगमनेरची हवा. पुन्हा जॉबशीटवरच्या त्या टिकेचा फोटो पाठवून विचारलं, की जमा करताना लिक्विड ‘नो’ होतं, मग ‘येस’ झालं ते कुणाच्या ताब्यात असताना? तर तिसरं उत्तर, स्क्रूवर खुणा आहेत, बाहेर उघडलेला दिसतोय. बारा दिवसांत तीन कारणं! पप्पा म्हणाले, ‘एकाच पार्टमध्ये तीन जण तीन वेगळे डिफेक्ट लिहायला लागले ना, की पार्ट बाजूला ठेवायचा आणि आधी इन्स्पेक्शन तपासायचं.’ आणि मग अगदी सहज, ‘पोराला सांग, मी विचारत होतो म्हणून.’

त्या लाल पट्टीबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्याही मोबाइल-लॅपटॉपच्या पोटात ती असू शकते. पाण्याचा स्पर्श ओळखणारा पांढरा कागदी तुकडा असतो, आत रंग. ओला झाला की रंग वर फुटतो. आयडिया साधी आणि स्वस्त. पण पट्टी फक्त एवढंच सांगते, की कधीतरी ओल लागली. कुणामुळे, किती, आणि बोर्ड त्यामुळेच गेला का, हे ती सांगू शकत नाही. अमेरिकेत याच पट्ट्यांवरून ॲपलवर सामूहिक दावा झाला होता. पट्टीचा रंग बदललाय म्हणून आयफोन आणि आयपॉड टचची वॉरंटी नाकारली, अशी ग्राहकांची तक्रार. नुसत्या दमट हवेनेही रंग बदलू शकतो, हा त्यांचा मुद्दा. २०१३ मध्ये ॲपलने ५.३ कोटी डॉलरला तडजोड केली. स्क्रूच्या खुणांचं म्हणाल, तर ‘सील तुटलं की वॉरंटी गेली’ असले स्टिकर लावणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये पत्रं धाडली होती, १९७५ च्या वॉरंटी कायद्याच्या आधारे. म्हणजे हे दुखणं काही फक्त संगमनेर-नगरचं नाही.

ऑफिसात ही कथा लंच टेबलवर सुपरहिट ठरली. प्रत्येकाकडे स्वतःची एक होती. कुणाचा वॉशिंग मशीनचा पॅनल ‘उंदराने कुरतडला’, कुणाच्या टीव्हीवर ‘बाहेरून दाब’ आला. आणि सगळ्यांचा सल्ला एकच, ‘जाऊ दे ना यार!’ एकाने तपकीर गल्लीतल्या कारागिराचा नंबर दिला, चार-पाच हजारात चिप-लेव्हल रिपेअर करून देतो म्हणाला. देतही असेल, त्या गल्लीवर माझा विश्वास आहे. पण तिथे लॅपटॉप उघडला की कंपनीचं तिसरं कारण खरं झालं असतं! टीम लीडने तर एक्सेल उघडून माझा तासाचा रेट काढला आणि सिद्ध केलं की भांडण्यापेक्षा नवा घेणं स्वस्त आहे. त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. त्यात धाकट्याचा कॉलम नव्हता, एवढंच.

धाकट्याचं काय चाललं होतं? रूममेट रात्री अकराला झोपला की त्याचा लॅपटॉप उघडायचा आणि पहाटे तीनपर्यंत फायनल इयरचा प्रोजेक्ट. सकाळी चार्ज करून परत द्यायचा. आईला यातलं काही सांगायचं नाही, ही माझ्याकडून शपथ.

मग मी कायदा वाचला. एमबीएला असताना बिझनेस लॉ नावाचा विषय झोपेत पास केला होता, या वेळी जागेपणी वाचला. आपल्या महाराष्ट्राला खरं तर या विषयाचा अभिमान हवा. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, आणि देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, बारा वर्षांनी. आता लागू आहे तो २०१९ चा नवा कायदा, २० जुलै २०२० पासून. आपल्यासारख्या, गाव एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे असणाऱ्यांसाठी त्यातली सगळ्यात सही गोष्ट कोणती, तर तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. पूर्वी कंपनीचं ऑफिस कुठे, शाखा कुठे, व्यवहार कुठे झाला, हे शोधत बसायला लागायचं. माझ्या वॉरंटी बुकलेटच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात छापलं होतं, की सर्व वाद दक्षिणेतल्या अमुक एका शहरातच चालतील. वाचून छातीत धस्स होतं. पण कायद्याने दिलेला घराजवळचा दरवाजा असल्या बारीक टायपाने बंद होत नाही.

दुसरं, कंपनीचा एक सूर असाही होता की बिल मॅडमच्या नावावर, वापरणारा भलताच. कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त पैसे मोजणारा नाही. त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे धाकटा स्वतः तक्रारदार होऊ शकत होता, आणि झालाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला जिल्हा आयोगात फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. नोटीस मिळाली की कंपनीला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला सांगून टाकलंय.

माझ्या दृष्टीने कळीची होती ती कलम ३८ मधली तरतूद. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा, हेही त्यातच आहे. आणि विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं होतं, की पॉलिसीतला अपवाद दाखवून क्लेम नाकारायचा तर तो अपवाद लागू होतो हे कंपनीने सिद्ध करायचं. लॅपटॉपची वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, मान्य. पण तर्क तोच. पाणी गेलं म्हणताय, तर दाखवा.

आधी १९१५ वर फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नीट नोंदवून घेतली, कंपनीकडे पाठवली. कंपनीने तिथेही तेच गुळगुळीत इंग्रजी चिकटवलं आणि प्रकरण बंद. बरेच जण इथे चिडतात, की हेल्पलाइनचा उपयोग काय? अहो, ती निकाल देणारी जागाच नाही. निरोप पोचवते, आणि पोचवल्याचा नंबर देते. तो नंबर पुढच्या प्रत्येक कागदावर लिहिता येतो, हे काय कमी आहे?

ऑगस्टमध्ये मी स्वतःच नोटीस लिहिली. दोन पानं, तारीखवार, विशेषणं शून्य. पहिल्या मसुद्यात ‘निर्लज्ज’ हा शब्द दोनदा होता, पप्पांनी लाल पेनाने काढला. ‘टॅगवर शिव्या लिहीत नाहीत.’ स्पीड पोस्टने पाठवली, पंधरा दिवसांची मुदत दिली. उत्तर आलं ते धमाल होतं. तुमच्या पत्त्यातला जिल्हा आमच्या रेकॉर्डशी जुळत नाही! झालं असं, की २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. बिल त्याआधीचं, त्यावर अहमदनगर. नोटिशीवर मी नवं नाव घातलेलं. एवढ्या मोठ्या ब्रँडच्या कम्प्युटरला नगर म्हणजे नगर, हे कळेना. आम्ही तर दोन्ही नावांच्या आधीपासून नुसतं नगरच म्हणतोय.

सप्टेंबरमध्ये जिल्हा आयोगाकडे तक्रार ऑनलाइन भरली, १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून. बिल, जॉबशीट, वॉरंटी बुकलेट, मेलची साखळी, हेल्पलाइनचा नंबर, पोस्टाची पावती, दोघांची शपथपत्रं. स्कॅन करून, पानांना नंबर टाकून पीडीएफ बनवण्यात एक अख्खा रविवार गेला. मागणी तीनच वाक्यांची. वॉरंटीत दुरुस्त करा किंवा पैसे परत द्या. त्रासाबद्दल १५,००० आणि खर्चाचे ५,००० द्या. आणि लाल पट्टीवर इतकीच श्रद्धा असेल तर लॅपटॉप प्रयोगशाळेत पाठवू या, आमची तयारी आहे.

आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला. या वेळी काउंटर नाही, एस्कलेशन डेस्क. मधाळ आवाज. ‘मॅम, वुई व्हॅल्यू यू अ‍ॅज अ कस्टमर.’ कंपनी स्पेशल केस म्हणून, गुडविल जेश्चर म्हणून, बोर्ड फ्रीमध्ये बदलून देणार. फक्त एका पत्रावर आम्हा दोघांच्या सह्या आणि तक्रार मागे.

घरी दिवाळीआधीच दिवाळी! आईने देवापुढे साखर ठेवली. मी पत्राची प्रिंट काढली, सही केली नाही फक्त, कारण आधी धाकट्याला पाठवायची होती. अर्ध्या तासात त्याचा फोन.

‘ताई, तिसरी ओळ वाचलीस?’

तिसरी ओळ अशी होती, की सदर नुकसान वापरकर्त्याच्या हाताळणीमुळे झाल्याचं ग्राहकाला मान्य आहे आणि कंपनी केवळ सद्‌भावनेपोटी दुरुस्ती करत आहे.

‘मी नाही सांडलं,’ तो म्हणाला. ‘मला फुकट नकोय. मला वॉरंटीत पाहिजे.’

सांगते, फरक फक्त मानाचा नव्हता. ‘सद्‌भावना’ म्हणून बसवलेल्या बोर्डावर पुढे कसलीही जबाबदारी नाही, असं चौथ्या ओळीत होतं. त्या सिरीयल नंबरपुढे ‘सीआयडी’ कायम राहणार, म्हणजे उद्या बिजागरी निखळली तरी उत्तर तयार. वॉरंटीची किंमत ५८,९९० मध्येच वसूल झालेली असते, ती काही वर्गणी नव्हे. पण हे सगळं मी नंतर जुळवलं. धाकट्याने एवढा विचार केला नव्हता. त्याला फक्त खोट्या वाक्याखाली सही करायची नव्हती. एकवीस वर्षांचा मुलगा, चार महिने उसन्या लॅपटॉपवर रात्री काढलेला, समोर फुकट दुरुस्ती. आणि म्हणतोय नको.

मला वाटलं आता आई भडकणार. तिला फोन करून सगळं वाचून दाखवलं, तिसऱ्या ओळीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, ‘त्याला सांग, नको करू सही.’ आणि थोड्या वेळाने, ‘सांडला असता तर केली असती ना त्यानं.’

पप्पांच्या पद्धतीने आम्ही तिसरी आणि चौथी ओळ खोडली, शेजारी दोघांनी छोट्या सह्या केल्या, आणि पत्र परत पाठवलं. मधाळ आवाजाने विचारलं, ‘मॅम, इट्स जस्ट अ फॉरमॅट, प्रॉब्लेम काय आहे?’ म्हटलं, फॉरमॅटच आहे तर बदला ना. मग अकरा दिवस शांतता. फराळ झाला, भाऊबीज झाली. ओवाळणीत धाकट्याने मला हजार रुपयांचं पाकीट दिलं आणि वर लिहिलं होतं, ‘सद्‌भावनेपोटी’. आगाऊ!

बाराव्या दिवशी नवं पत्र आलं. तीन ओळींचं. सदर बोर्ड वॉरंटीअंतर्गत बदलण्यात येत आहे. हाताळणीचा उल्लेख नाही, सद्‌भावनाही नाही. नुकसानभरपाईचंही नाव नाही. त्या २०,००० वर मी अडून बसू शकले असते, प्रयोगशाळेपर्यंत प्रकरण नेऊ शकले असते, आणि न्यायला हवं होतं असं मानणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण डिसेंबरचं सबमिशन तोंडावर होतं आणि रूममेटची सहनशक्तीही संपत आली होती. लॅपटॉप हातात आला, चार दिवस चालवून पाहिला, आणि मगच आयोगात तडजोडीची पुरसिस दिली. त्या आधी नाही.

सेंटरवर लॅपटॉप घ्यायला पप्पा सोबत आले होते. काउंटरवर तोच मुलगा, या वेळी पहिल्यापासून ताई. त्याने नवी जॉबशीट पुढे केली. रिपेअर टाइप, इन वॉरंटी. डिफेक्ट, पॉवर सेक्शन. सीआयडी, नो. पप्पांनी चष्मा लावला. शीट दोनदा वाचली. मग लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरचा सिरीयल नंबर शीटवरच्या नंबराशी ताडून पाहिला, एकेका आकड्यावर बोट ठेवत. मागे रांग खोळंबली होती. सगळं जुळल्यावर त्यांनी शीट त्या मुलाकडे परत सरकवली.

‘सही आहे,’ ते म्हणाले, ‘पण खाली नाव लिहिलेलं नाही. कुणी तपासलं, ते लिही.’